लेग गार्ड बसवताय? मग क्लच, ब्रेक आणि गिअरचं पेडलही बघून घ्या

१०० किंवा १२५ सीसीची नवी गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलात की किमतीच्या कागदावर शेवटी एक छोटी यादी असते. सीट कव्हर, साइड मिरर, टँक कव्हर आणि लेग गार्ड. बाकीच्या गोष्टींवर आपण घासाघीस करतो, लेग गार्डला मात्र लगेच हो म्हणतो. पायाचं रक्षण करणारी वस्तू आहे, तिला नाही कसं म्हणायचं? आणि जुनी गाडी असेल तर बाहेरच्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात पंधरा मिनिटांत तो बसवून मिळतो.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, पण पदवी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. त्यामुळे घरातल्या गाड्यांचं काम आपसूक माझ्याकडे येतं. गेल्या दिवाळीत अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, २०१६ च्या स्प्लेंडरवर दोन दिवस काम केलं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली, आणि हा लेख तिच्याचसाठी आहे: लेग गार्ड आणि गाडीचे कंट्रोल्स ही दोन वेगळी कामं नाहीत. गार्ड ज्या जागेत बसतो, त्याच जागेत ब्रेकचं पेडल, गिअरचा लिव्हर आणि दोन-तीन केबल हलत असतात. एकाला हात लावला की दुसरं तपासावंच लागतं.

गार्ड नक्की काय वाचवतो?

आधी थोडं गणित करू. स्प्लेंडरसारखी गाडी साधारण ११० किलोची. ती स्टँडवरून किंवा सिग्नलला उभी असताना आडवी झाली, तर तिचं वजन जिथे एकवटलंय तो मध्यबिंदू अंदाजे ३० सेंटिमीटर खाली येतो असं धरा. म्हणजे गार्डला साधारण सव्वातीनशे ज्यूल ऊर्जा पचवायची असते. आता तीच गाडी ७० किलोचा माणूस घेऊन ताशी ४० किलोमीटरने चालली आहे. तिची ऊर्जा होते ११ हजार ज्यूलच्या आसपास. जवळजवळ ३४ पट. इंचभर व्यासाच्या पोकळ नळीकडून पहिल्या कामाची अपेक्षा रास्त आहे, दुसऱ्याची नाही.

हा नुसता कागदावरचा हिशोब नाही. अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली होती. १९८१ साली आलेला त्यांचा अहवाल आजही या विषयात आधाराला घेतला जातो. क्रॅश बारबद्दल त्यात स्पष्ट निष्कर्ष आहे: घोटा आणि पाऊल यांच्या दुखापती कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या दुखापती तेवढ्याच वाढतात. म्हणजे हिशोब बरोबरीत सुटतो. तिथल्या गाड्या मोठ्या, रस्ते वेगळे, हे मान्य. पण पाय आणि नळी यांचं नातं तेच राहतं.

मग गार्ड बसवूच नये का? बसवा की. आपल्याकडे गाडी पडते ती बहुतेक वेळा हळू वेगात. पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचा धक्का लागून, पावसात शेणावरून किंवा चिखलावरून चाक सरकून, उतारावर वळवताना तोल जाऊन. अशा वेळी गार्ड इंजिनचं कव्हर, गिअर लिव्हर, फूटरेस्ट वाचवतो, आणि आडव्या झालेल्या गाडीखाली पाय दबू नये एवढी फट ठेवतो. हे काही थोडं काम नाही. फक्त गार्ड आहे म्हणून धडकेत पाय वाचेल, हा भरवसा सोडून द्या.

जाता जाता एक. मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानुसार मागे माणूस बसणार असेल त्या मोटरसायकलला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी बंधनकारक आहे. हीच आपली साडी गार्ड. दिसायला बरं नाही म्हणून ती काढून टाकणारे लोक पुढे चकचकीत लेग गार्ड लावतात, तेव्हा मला गंमत वाटते. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाणं हा धोका रोजचा आहे.

दुकानातला गार्ड आणि ब्रेकचं पेडल

अण्णांचं वय ६१. गावापासून तालुक्याला बँकेच्या, सोसायटीच्या कामाला आठवड्यातून तीन-चार वेळा जाणं असतं. एका बाजूला १८ किलोमीटर. पावसाळ्यात बाजार समितीच्या गेटजवळ गाडी उभ्या-उभ्या कलली आणि पाय थोडक्यात वाचला. आईने तेव्हाच सांगितलं, "गार्ड तरी बसवून घ्या, नाहीतर गाडी बंद." अण्णांनी तालुक्यातल्या एका दुकानातून तो बसवून घेतला. आईचं समाधान झालं. दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा अण्णांची तक्रार वेगळीच होती: डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, क्लच जड झालाय, आता गाडी सोडावी म्हणतोय. गाडी सोडायची म्हणजे दिवसातून दोनदा येणाऱ्या एसटीच्या भरवशावर राहायचं.

क्लच बघायला बसलो आणि सवयीने आधी सगळे कंट्रोल्स शेवटपर्यंत हलवून पाहिले. मागच्या ब्रेकचं पेडल दाबलं, सगळं ठीक वाटलं. मग मागच्या ब्रेक रॉडचा नट पूर्ण ढिला केला आणि पेडल हाताने खालपर्यंत नेलं. टक्क! गार्डची खालची पट्टी उजव्या बाजूला पेडलच्या दांड्याच्या बरोबर खालून जात होती, आणि पेडल तिच्यावर जाऊन टेकत होतं.

यात धोका काय, ते नीट समजून घ्या. ब्रेकचे लायनर नवे असताना, नट नीट आवळलेला असताना ब्रेक पेडलच्या पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच लागतो. तेव्हा पट्टी आड येत नाही आणि काहीच कळत नाही. लायनर झिजत गेले, नट आवळायचा राहिला, की पेडल दर महिन्याला थोडं थोडं जास्त खाली जायला लागतं. एक दिवस असा येतो की ब्रेक पूर्ण लागायच्या आधी पेडल पट्टीवर थांबतं. तुम्ही जीव खाऊन दाबता आणि तुमची सगळी ताकद गार्डवर खर्च होते. तोही बहुधा उतारावर, कारण एरवी कुणी पेडल तेवढं दाबतच नाही.

सॉफ्टवेअरमध्ये एक बदल केला की जुन्या सगळ्या गोष्टी परत चालवून बघाव्या लागतात, त्यातलाच हा प्रकार. दुकानदाराने गार्ड घट्ट बसवला होता, वाकडा नव्हता, दिसायला छान होता. फक्त तो दुसऱ्या कुठल्या तरी मॉडेलच्या पट्टीवर बसवलेला होता. तो काढून त्याच मॉडेलचा, त्याच वर्षांच्या गाडीसाठी बनवलेला गार्ड आणला. पट्टी ठोकून, वाकवून किंवा वेल्डिंग करून जमवण्याच्या भानगडीत पडू नका.

बसवताना काय बघायचं

गार्ड साधारणपणे दोन ठिकाणी धरलेला असतो: वर फ्रेमच्या पुढच्या नळीला क्लॅम्पने, आणि खाली इंजिन किंवा फूटरेस्ट ज्या बोल्टने फ्रेमला बसलंय त्या बोल्टवर. खालचा बोल्ट महत्त्वाचा. तो काढला की इंजिनचं वजन उरलेल्या बोल्टांवर येतं आणि भोकं एका रेषेत राहत नाहीत. म्हणून गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा सरकवा आणि एका वेळी एकच बोल्ट काढा.

दुसरी गोष्ट बोल्टच्या लांबीची. गार्डची पट्टी ३ मिलिमीटर जाड असेल तर मूळ बोल्ट तेवढाच आखूड पडतो. नट लागतो, पण शेवटचे आटे पकडत नाहीत. नट घट्ट केल्यावर बोल्टचे किमान दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर त्याच जाडीचा, त्याच ग्रेडचा लांब बोल्ट घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही चालत नाही, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला बघून घ्या.

सगळे बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे. गार्ड दोन्ही बाजूंनी सारखा दिसतोय याची खात्री करायची आणि मग थोडं इकडे, थोडं तिकडे असं करत आवळायचं. एक बाजू पूर्ण घट्ट करून दुसरी ओढून बसवली तर फ्रेमवर कायमचा ताण राहतो, आणि पुढे हादऱ्यांनी तोच बोल्ट सुटतो. किती घट्ट? इंजिनच्या बोल्टांसाठी गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच घ्यायचा. क्लॅम्पच्या ८ मिलिमीटर बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर पुरतं. टॉर्क रेंच नसेल तर असं समजा: वीस सेंटिमीटर लांबीचा पाना टोकाला धरून दहा किलोची पिशवी उचलण्याएवढा जोर लावला की झाले २० न्यूटन मीटर. पान्यावर पाय देऊन उभं राहायची गरज नाही.

क्लॅम्पखाली रबराची पट्टी किंवा जाड रंग असेल तर तो दबत जातो आणि बोल्ट आपोआप ढिला पडतो. शे-दोनशे किलोमीटरनंतर एकदा पाना फिरवून बघायचाच.

मग जागेची तपासणी. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. गार्ड पुढच्या मडगार्डला, हॉर्नला, कुठल्याही केबलला लागता कामा नये. इंजिन चालू ठेवून परत हँडल वळवा. वळवताना इंजिनचा आवाज वाढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल कुठेतरी ताणली जातेय, ती गार्डच्या मागून मोकळी करून घ्या. किक मारून बघा. रोजची चप्पल किंवा बूट घालून सगळे गिअर टाकून बघा. गमबूट घालून शेतावर जात असाल तर गमबूट घालूनच. आणि गार्ड फार रुंद, फार खाली आलेला नको. घाटात वळणावर गाडी कलली की असा गार्ड रस्त्याला घासतो, आणि जोरात घासला तर टायर रस्त्यावरून उचलला जातो. म्हणजे पडल्यावर वाचवायची वस्तूच पाडते.

पावसाळ्यात गार्डला प्लास्टिकचा कागद किंवा फ्लेक्सचा तुकडा बांधून चिखल अडवणारे बरेच दिसतात. ही इंजिनं हवेवर थंड होतात, समोरून हवा आली नाही तर ती तापणारच. दुधाची किटली किंवा पिशवी अडकवणं तर त्याहून वाईट, कारण ती झोका घेऊन पेडलवर येते. आणि हायवेला गार्डवर पाय ताणून चालवणाऱ्यांसाठी एवढंच: ताशी ६० किलोमीटरला पाय परत ब्रेकवर यायला अर्धा सेकंद लागला तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते.

आता क्लच

अण्णांच्या दुखण्याचं मूळ इथे होतं. क्लच लिव्हर ओढताना सुरुवातीचं थोडं अंतर नुसतं मोकळं जातं, त्याला फ्री प्ले म्हणतात. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना तो लिव्हरच्या टोकाशी मोजून १० ते २० मिलिमीटर असावा लागतो. कमी असेल तर क्लच अर्धवट दबलेलाच राहतो, प्लेटा घासतात, चढावर इंजिन ओरडतं पण गाडी उचलत नाही. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर कडक पडतात, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. बारीक फरक लिव्हरजवळच्या अ‍ॅडजस्टरने काढायचा, मोठा असेल तर केबलच्या इंजिनकडच्या टोकाला. दोन्हीकडे आधी लॉक नट ढिला करायचा आणि काम झालं की तो परत घट्ट करायला विसरायचं नाही.

या १० ते २० मधला नेमका आकडा हातावर ठरवता येतो. हात लहान असेल, बोटं पूर्ण पोहोचत नसतील, तर फ्री प्ले २० च्या जवळ ठेवा. मग क्लचचं खरं काम मुठीच्या जवळ सुरू होतं आणि बोटं फार ताणावी लागत नाहीत. घरात बहीण किंवा आई गाडी चालवत असेल तर हे आवर्जून करून बघा. फक्त क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकल्यावर गाडी पुढे ओढत नाही ना, ते पाहून घ्या.

अण्णांच्या गाडीत फ्री प्ले ठीक होता. केबल काढली तर तारेचे दोन-तीन पीळ लिव्हरजवळ तुटून आतल्या आत घासत होते. केबल बदलली. हँडलवर लिव्हरचा कोनही बदलला: त्यांना सीटवर बसवलं, हात सरळ मुठीवर ठेवायला सांगितलं आणि कोपरापासून बोटांपर्यंत एक रेष येईल इतका लिव्हर खाली फिरवला. आधी तो एवढा वर होता की प्रत्येक वेळी मनगट मागे मोडून अंगठ्याच्या बुंध्यावर जोर पडायचा. एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "क्लचप्लेटा नव्या टाकल्यास काय रे?"

म्हणून सांगतो, हाताला त्रास होत असेल तर आधी केबल आणि कोन बघा.

मागचा ब्रेक, गिअर आणि बाकी

ब्रेक पेडलचा फ्री प्ले या गाड्यांत साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. मागच्या रॉडचा नट फिरवून तो जमवायचा. नटाला एका बाजूला अर्धगोल खाच असते, ती ब्रेकच्या लिव्हरमधल्या पिनवर नीट बसली पाहिजे. खाच आडवी राहिली तर पहिल्या दणक्यात नट फिरून प्ले बदलतो. नट आवळून आवळून ब्रेक पॅनलवरच्या खुणेला बाण टेकला असेल तर लायनर संपलेत, आता बदलायचे.

चेन आवळली की चाक मागे सरकतं आणि ब्रेक रॉड आपोआप ताणला जातो. त्यामुळे चेनच्या कामानंतर ब्रेकचा प्ले पुन्हा बघायला हवा. बघितला नाही तर ब्रेक सतत थोडा लागून राहतो, ड्रम तापतो, आणि अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून आपण पेट्रोलपंपाला दोष देतो. चाक मोकळं फिरतंय ना, आणि पेडल दाबायला लागताच मागचा लाल दिवा लागतोय ना, हे दोन्ही हाताने तपासा. दिव्याच्या स्विचवरचा नट फिरवायचा, स्विच स्वतः फिरवला तर वायरी पिळल्या जातात.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालंय. सीबीएसमध्ये मागचं पेडल पुढच्या ब्रेकलाही जोडलेलं असतं, तेव्हा मागचा नट मनाला येईल तसा फिरवला की पुढच्या ब्रेकचं गणित हलतं. अशा गाडीत मॅन्युअल समोर ठेवून करा, नाहीतर सर्व्हिस सेंटरलाच करून घ्या.

गिअर लिव्हर दातेरी शाफ्टवर बसलेला असतो. पायाला वर किंवा खाली वाटत असेल तर एक दाता फिरवून बसवता येतो. त्याचा बोल्ट नुसता ढिला करून लिव्हर ओढू नका. बोल्ट शाफ्टच्या खाचेतून जातो, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. एक दाता पुरे होतो. दोन फिरवले की गार्डची नळी किंवा फूटरेस्ट आड येतो. अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीला २ ते ६ मिलिमीटर मोकळी फिरक असावी आणि सोडल्यावर ती झटकन मागे यावी, बस्स.

हे सगळं झालं की लगेच हायवेला जाऊ नका. रिकाम्या रस्त्यावर ताशी वीसने जाऊन आधी नुसता मागचा ब्रेक, मग नुसता पुढचा, मग दोन्ही असे लावून बघा. परत आल्यावर मागच्या ड्रमजवळ हात न्या. ब्रेक न वापरताही तो गरम लागला, तर रॉडचा नट अर्धा फेरा ढिला करा आणि पेडलचा प्ले पुन्हा मोजा.